लोखंड काढून तोललेली गिटार

भिवंडीजवळच्या वळ गावात दुकानातून नवी वस्तू विकत घेणं कमीपणाचं समजतात. अर्ध्या देशाचा माल जिथल्या गोदामांत उतरतो, ग्राहकाला नको झाला की परत येतो, खोका चेपला म्हणून बाजूला पडतो आणि शेवटी किलोवर विकला जातो, तिथल्या माणसाने दुकानात जाऊन छापील किंमत मोजली, तर शेजारचे लोक घरात काही दुखलंखुपलं आहे का ते विचारायला येतात. केसरीनाथशेठच्या घरचा फ्रीज, पळायचं यंत्र, देवघरातली विजेची समई आणि दंतवैद्याची एक खुर्ची, सगळं तोलून आलेलं. खुर्चीत बसून शेठ दाढी करतात. तेव्हा होणाऱ्या जावयाला इलेक्ट्रिक गिटार द्यायची ठरल्यावर ती किलोवर येणार यात कुणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते ती कशी तोलली याचं.

वळला लाकूड किलोवर घ्यायची एक रीत आहे. गोदामांत माल रचायला लाकडी पॅलेटं असतात. ती मोडली की लोक जळणाला नेतात. घेणारा शहाणा असेल तर आधी खिळे उपटायला लावतो, कारण खिळ्यांचं वजन आपण का भरायचं? केसरीनाथशेठ शहाणे. कार्यक्रम करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं गोदाम रिकामं झालं होतं, त्यातली एक गिटार त्यांना भंगारवाल्याच्या ढिगात दिसली. रंग उडालेला, तारा गंजलेल्या, पोटात उंदराने संसार मांडून मोडलेला. शेठनी उचलून पाहिली. जड लागली. सवयीने म्हणाले, "आधी लोखंड काढ. मंग तोल."

भंगारवाल्याने काढलं. तारा, तारा पिळायच्या खुंट्या, त्या अडकवायची पट्टी, बटणं, वायरी, तारांच्या खाली असतात त्या काळ्या वड्या, सगळं. शेठनी उरलेलं तोललं, त्यातही भाव पाडला आणि गाडीच्या मागच्या सीटवर निजवून थेट भिवंडीच्या निजामपुऱ्यात तुळशीरामच्या दुकानात आणलं.

तुळशीराम मोटर रिवाइंडिंग करतो. कापड विणायच्या लूमची मोटर जळली की आतली जळकी तार काढून नवी भरतो. शेठच्या विहिरीचा पंपही त्याच्याकडेच येतो, त्यामुळे इलेक्ट्रिक म्हटलं की शेठना तुळशीराम आठवतो. मी त्या दुकानात रोज सकाळी पेपर वाचायला बसतो. निवृत्त माणसाने घरी पेपर उघडला, की आमच्या माई त्याच्या मधल्या पानावर मेथी निवडायला घेतात.

"तुळशीराम, ही चालू करून दे," शेठ म्हणाले. "इलेक्ट्रिक हाय. साखरपुड्याला पायजे."

तुळशीरामने ती उलटी केली, सुलटी केली, भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"शेठ, यात इलेक्ट्रिक कुठे आहे? ही फळी आहे."

"बाकीचा सगला लोखंड होता. तो मीच काढाला लावला."

बाहेर गल्लीभर लूमांचा खडखडाट चालू होता. तुळशीरामने फळी टेबलावर ठेवली. शेठ माझ्याकडे वळले. "तात्या, तुमी शिकलेले. ही लोखंडावर वाजते का काय?"

"शेठ, ही लोखंडावरच वाजते."

शेठ मटकन एका उघड्या मोटरवर बसले. गोदामांसाठी जमीन विकताना मी त्यांना पाहिलं होतं, तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. "माज्या हातानी," ते म्हणाले, "माज्या हातानी मी तिचा जीव काढून घेतला, नि वर भाव पाडला."

त्यांच्यामागे त्यांचा होणारा जावई कुणाल उभा होता. गोदामात सुपरवायझर आहे, भिवंडीतच वाढलेला, सरळ मुलगा. इतक्या दुःखाच्या प्रसंगी त्याचा चेहरा एकदम उजळला होता. "जाऊ द्या मामा," तो घाईघाईने म्हणाला, "नशिबात नव्हती. मी नाही वाईट वाटून घेणार."

"ऐकलात तात्या?" शेठना गहिवरून आलं. "किती समजूतदार पोर हाय."

शेठ पाणी प्यायला आत गेले, तसं कुणालने मला हाताला धरून समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं.

"तात्या, मला गिटार वाजवता येत नाही."

"थोडीफार?"

"थोडीपण नाही. आयुष्यात दोनदा हातात धरलीय. एकदा फोटोत आणि एकदा आत्ता. आत्ताची तर फळीच निघाली."

मग त्याने सगळं सांगितलं. लग्नासाठी फोटो काढायला तो स्टुडिओत गेला. तिथे पोज द्यायला एक बुलेट असते आणि एक गिटार असते. त्या दिवशी बुलेटवर दुसरा मुलगा बसला होता. फोटो वळ गावी गेला, शेठच्या विनिताने पाहिला, घरची माणसं एकमेकांकडे जाऊन आली, पसंती झाली. मग दोघांचे फोन सुरू झाले.

"पहिल्याच फोनला तिने विचारलं, तू गिटार वाजवतोस? मी म्हटलं, थोडंफार. ती इतकी खूश झाली तात्या, की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मग म्हणाली, ऐकव. मी म्हटलं, गिटार तुटलीय. तिने ते तिच्या बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, तुटली तर दुसरी घेऊ. आता साखरपुड्याला अख्ख्या गावासमोर वाजवायचीय. गावची बेंजो पार्टी साथीला आहे. मामांनी त्यांना सांगूनपण टाकलंय."

"मग खरं सांग तिला."

"आणि आक्का?"

आक्का म्हणजे केसरीनाथशेठची थोरली बहीण. ती धवलारीन आहे, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणारी. ती गायला बसल्याशिवाय त्या गावात हळदसुद्धा कालवली जात नाही. एका लग्नात नवऱ्या मुलाने वय चोरल्याचं तिच्या कानावर आलं, तशी ती गाणं अर्ध्यावर टाकून उठली. पुढचं गाणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. लग्न तिथेच थांबलं, ते थांबलंच.

"खोटं बोललो हे कळलं तर आक्का गाणार नाहीत आणि विनिता माझं तोंड बघणार नाही," कुणाल म्हणाला. "मला दुसरी कुणी नकोय तात्या. मला तीच पाहिजे. देवानेच ती गिटार फळी करून पाठवलीय. आता तेवढी तिला फळीच राहू द्या."

देवाची ही कृपा दुपारपर्यंत टिकली. शेठ जेवणसुद्धा न घेता वळला परत गेले आणि बाह्या सरसावून स्वतः लोखंडाच्या ढिगावर चढले. संध्याकाळी तुळशीरामच्या टेबलावर पिशवी ओतली, तर खुंट्या होत्या, पट्टी होती, बटणं होती. कुणाल एकेक वस्तू बाहेर पडताना पाहत होता, आणि प्रत्येक वस्तूला त्याचा रंग एक पायरी उतरत होता.

"या वड्या मात्र गेल्या," तुळशीराम म्हणाला. काळ्या वड्यांमध्ये लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तांब्याला भंगारात वेगळा भाव मिळतो, म्हणून भंगारवाल्याने ती तार एका हिसक्यात ओरबाडून घेतली होती.

"मग संपलं," कुणाल म्हणाला.

"संपलं कसं?" तुळशीरामचे डोळे लकाकले. "तांब्याची तार भरायची आहे ना? मग मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

कुणाल दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. शेठनी माझ्या कानात सांगितलं, "आनंद झालाय त्याला."

तार इतकी बारीक, की हाताने भरायला घेतली तर माणूस म्हातारा होईल. समोरच्या लूमवाल्याकडे कांडी भरायचं मशीन आहे. कापड विणताना धोट्यात जो आडवा धागा जातो तो आधी एका कांडीवर गुंडाळतात, ते हे मशीन. तुळशीरामने लूमवाल्याला गळ घातली, धाग्याच्या जागी तांब्याची तार लावली आणि कांडीच्या जागी गिटारची वडी बसवली. मशीन सुरू झालं. तार दोन बोटांतून सरसरत जाऊ लागली आणि तुटली. कुणालने "अरेरे" म्हटलं. आवाज दुःखाचा होता, चेहरा वेगळाच होता. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. "अरेरे." असं बऱ्याचदा झालं. शेवटी ती तुटली नाही. तुळशीरामने मीटर लावलं आणि काटा हलला, तेव्हा कुणालच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कलावंताचा जीव असतो," शेठ लूमवाल्याला म्हणाले. "आपल्याला न्हाय कलायचा."

पुढे गिटारची मान वाकलेली निघाली. कुणालने मोठ्या आशेने सांगितलं, की वाकलेली मान कधीच सरळ होत नाही, त्याने मोबाइलवर वाचलंय. तुळशीरामला मानेच्या आत एक सळई सापडली. पान्याने पिळली की मान सरळ होते. "पण रोज थोडीच पिळायची," तो म्हणाला, "एकदम पिळली तर तडकेल." कुणाल रोज ड्युटी संपवून तिथे येऊन बसायचा आणि ती पिळताना बघायचा. शेठना वाटायचं, पोराला केवढी ओढ. मानेवरच्या बारीक पितळी पट्ट्यांवर चढलेला हिरवा गंज माईंच्या समईच्या पावडरने निघाला. मी घरून पुडी नेली होती, त्याचा हिशेब मला अजून द्यावा लागतो. नव्या तारा ठाण्याहून आल्या. रंग मात्र शेठनी रिक्षा रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. काळाभोर, त्यावर सोनेरी "आई एकवीरा प्रसन्न". आणि हात रिक्षा रंगवणाऱ्याचा, त्यामुळे पाठीमागे लाल अक्षरात "अंतर ठेवा".

एक दिवस कुणाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "व्हिडिओतला माणूस म्हणतो, तीन महिने रोज बसलं तर एक गाणं येतं. माझ्याकडे आठवडापण नाही."

"शेठना सांगू का मी?"

"नको! तुम्ही सांगितलंत तर मी तोंड लपवलं असं होईल." मग जरा वेळाने, "बिघाड तरी करून द्या ना एखादा. छोटासा."

तुळशीरामला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याने त्या वडीच्या तारेवर मोटरला लावतो तसं वॉर्निश चढवलं होतं आणि ती पन्नास वर्षं जळणार नाही, अशी तोंडी गॅरंटी देऊन ठेवली होती.

बेंजो पार्टीचा ॲम्प्लिफायर दुकानात आला. वायर जोडली. तुळशीरामने देवाचं नाव घेतलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तारांवरून फिरवला. असा काही आवाज झाला, की लूमवर काम करणारी माणसं हातातलं टाकून गल्लीत आली. "क्या फटा?" एकाने विचारलं. केसरीनाथशेठ हात जोडून उभे होते. कुणाल पायरीवर खाली बसला होता.

"घे, वाजव," शेठ म्हणाले.

"आज नको मामा. साखरपुड्यालाच."

शेठना ते पटलं. त्यांनी गिटारला लिंबू-मिरची बांधली.

साखरपुडा वळला शेठच्या दारातच होता. मोठा मांडव, गावचं सगळं माणूस, एका बाजूला बेंजो पार्टी, दुसऱ्या बाजूला स्पीकरचा डोंगर. आक्का पहिल्या रांगेत खुर्ची घेऊन बसली होती. तिच्याशेजारी कुणालची आई. मला आणि तुळशीरामला मानाच्या जागा होत्या, कारण गिटारचा पुनर्जन्म आमच्याकडे झाला असं शेठनी माइकवरून जाहीर केलं होतं. अंगठ्या ताटात तयार होत्या.

"आता," शेठ म्हणाले, "आमचं जावय अंगठीच्या आधी गिटार वाजवतील."

त्यांनी ती स्वतः कुणालच्या गळ्यात घातली. बेंजोवाल्याने मान हलवली, ढोलवाल्याने काठी उचलली. विनिता समोर उभी होती, गर्द हिरव्या साडीत. तिने हातातला फोन वर धरला होता, चित्रीकरण करायला. कुणालने तिच्याकडे पाहिलं, मग माइकपाशी तोंड नेलं.

"मला वाजवता येत नाही."

लोक हसले. कलावंत असंच म्हणतात.

"खरंच येत नाही. ती फोटोतली गिटार स्टुडिओवाल्याची होती. मी विनिताला खोटं सांगितलं, माझी तुटलीय म्हणून. माझी नव्हतीच."

आता कुणी हसलं नाही. ढोलवाल्याची काठी वरच राहिली. शेठ उभे होते तसेच उभे होते, हात गिटारचा पट्टा नीट करायला निघालेला, तो हवेत. तुळशीरामने माझं मनगट एवढ्या जोरात धरलं, की माझ्या घड्याळाचा ठसा उठला.

विनिताने फोन खाली केला. "पहिल्याच फोनला?"

"हो."

"का?"

"तू खूश झालीस. तुझा आवाज ऐकला आणि मग मला मागे फिरता येईना."

तिने चित्रीकरण बंद केलं. आक्का उठली. तिने कमरेवर हात ठेवले आणि सगळा मांडव आक्रसला.

"आनखी काय काय येत न्हाय तुला?" ती म्हणाली. "सगला आताच सांग. मना लग्नात अर्ध्या गान्यावर उठाला लावू नको."

कुणालने थोडा विचार केला. माइक चालूच होता.

"पोहता येत नाही. गाडी रिव्हर्स घेता येत नाही, पुढे जाऊन वळवून आणतो. रक्त बघितलं की चक्कर येते. आणि..." तो थांबला.

"आनि?"

"मी सुकी मासळी खात नाही. मला वास सहन होत नाही."

गिटारचं खोटं लोकांनी उभ्याने ऐकलं होतं. हे ऐकून ते बसले. मागच्या रांगेतून एक म्हातारा बाप्या पुढे आला. "बोंबील पन न्हाय?"

"बोंबील पण नाही."

"जवला?"

"जवळा पण नाही."

"आरं आगऱ्याचा पोर ना तू? मंग पावसात काय खातंस?"

"वरण."

कुणीतरी देवाचं नाव घेतलं. कुणालची आई धडपडत उभी राहिली. "त्याला डॉक्टरनी सांगितलंय हो, पित्त होतं म्हणून..."

"नाही आई," कुणाल म्हणाला. "डॉक्टरनी नाही सांगितलं."

आईही बसली. आता आक्का विनिताकडे वळली. "आनि तुजा ग? का एकट्या पोराचाच पंचनामा करायचा?"

विनिताने फोन ताटाशेजारी ठेवला. मग माइकपाशी गेली. "मला भाकरी येत नाही."

"विनिता!" तिची आई मांडवाच्या खांबाला धरून ओरडली.

"हे लोक बघायला आले होते, तेव्हाच्या तांदळाच्या भाकऱ्या शेजारच्या रंगूबाईंनी केल्या होत्या. मी हाताला पीठ लावून बाहेर आले."

कुणालच्या आईने त्या दिवशी चार खाल्ल्या होत्या आणि मुलगी तिथल्या तिथे पसंत केली होती. तिचा हात आपोआप पोटावर गेला. मागे उभ्या असलेल्या रंगूबाईने मात्र पदर सारखा केला आणि इकडेतिकडे बघितलं. पण खरा हादरा बसला तो केसरीनाथशेठना.

"रंगूबाई? म्हंजे रोजच्या पन?"

"रोजच्या पण, बाबा."

"पन त्या दिवशी तूच ताट आनलास ना..."

"ताट मीच आणते."

शेठनी गिटारकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, स्वतःच्या घराच्या दाराकडे पाहिलं, आणि आपल्याला तोलून काय काय दिलं गेलंय याचा अंदाज घेऊ लागले.

"बरा," आक्का म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, पण प्रेमही नव्हतं. उभ्या माणसाला बसायला सांगतात, तसा तो स्वर होता. "आता कुनाचा काय रायला न्हाय. पोरी, तूच सांग. तुला हा पायजे का न्हाय? तू न्हाय म्हनालीस तर आताच जेवान वाढू नि लोकांना घरी लावू."

कुणालने गळ्यातला पट्टा काढायला हात वर केला. गिटार खाली ठेवून निघून जावं, अशी त्याची तयारी झालेली दिसत होती.

"काढू नकोस," विनिता म्हणाली. "वाजव."

"येत नाही ग."

"ते कळलं. तुला किती येत नाही ते मला ऐकायचंय. माझ्या बापाने या गिटारसाठी भंगाराचा ढीग उपसलाय. आणि तू माझ्याशी फोनवर रोज बोलायचास, ते तर सगळं खोटं नव्हतं ना?"

"ते नव्हतं."

"मग वाजव."

कुणालने डोळे मिटले आणि हात खाली ओढला. त्या गिटारचे सूर कुणी लावलेच नव्हते. मान सरळ केली, गंज काढला, तांबं भरलं, रंग मारला. सूर लावायचे असतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सहा तारा सहा दिशांना बोंबलल्या. स्पीकरच्या डोंगरातून तो आवाज मांडवावर कोसळला. एक मूल रडायला लागलं, वाढपी पळत बाहेर आले, बेंजोवाल्याने कानावर हात ठेवला. तुळशीराम मात्र "वडी चालतेय!" म्हणून उभा राहिला.

सगळ्यांत जास्त दचकला होता कुणाल. त्याने डोळे उघडले आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यातून आवाज निघू शकतो, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

विनिता हसत होती. हसता हसता तिने ताटातली अंगठी उचलली.

"ये जवल," आक्का त्याला म्हणाली. "हात पुढं कर. जेवान निवतंय."

त्याने एक हात पुढे केला. विनिता त्यात अंगठी घालत होती, सगळा मांडव तिकडे बघत होता, आणि त्याचा दुसरा हात, कुणी सांगितलेलं नसताना, हळूच तारांवरून पुन्हा एकदा फिरला.